आधी बाग, मग रान: थरच्या वाळवंटात एकट्यानं गाडी घेऊन जाताना

थरला जाणारे बहुतेक लोक वाळूच्या टेकड्या शोधत जातात. जैसलमेरजवळ त्या सापडतात, उंटावर बसून फोटो निघतो, रात्री तंबूत नाचगाणं होतं आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. मधल्या तीनशे किलोमीटरच्या रस्त्यावर खिडकीबाहेर जे काही होतं त्याला सगळे ‘काटेरी झुडपं’ एवढंच म्हणतात. खरं तर थरचा मोठा भाग वाळूच्या टेकड्यांचा नाहीच. तो खडकाळ माळांचा, गवताचा, खेजडीच्या शेतांचा आणि देवाच्या नावानं राखलेल्या रानांचा आहे. ते पाहायचं तर डोळ्यांना थोडं शिकवावं लागतं, आणि त्यासाठी जोधपूरमध्ये उत्तम सोय आहे. म्हणून माझा आग्रह असतो, की आधी बागेत जा, झाडं ओळखायला शिका, मग गाडी काढून रानाकडे वळा. एकट्यानं जात असाल तर फारच छान, कारण झुडपापाशी अर्धा तास उभं राहिलात तरी कुणी घाई करत नाही.

पुढचा सगळा आराखडा जोधपूर ते जैसलमेर या पट्ट्यासाठी आहे. आठ दिवस हाताशी असावेत. सहा दिवसांतही जमतं, पण मग दुपारची विश्रांती जाते आणि वाळवंटात तीच महत्त्वाची असते.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सरळ उत्तराचा काळ. दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास ऊन, रात्री मात्र पारा एक आकडी होतो. पुण्या-मुंबईच्या थंडीच्या अंदाजानं एक स्वेटर घेऊन जाणाऱ्यांची पहाटे फार पंचाईत होते. कानटोपी, जाड मोजे आणि वारा अडवणारं जाकीट हवंच.

पण तुम्ही खास झाडांसाठी जात असाल तर दोन काळ अधिक चांगले. पहिला म्हणजे पाऊस संपता संपता, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जैसलमेरला वर्षभरात सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, पण जो पडतो त्यानं खडकाच्या फटीफटीतून हिरवं उगवतं. त्या दिवसांत दुपारचं ऊन अजून कडक असतं हे लक्षात ठेवा. दुसरा काळ फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला पंधरवडा. तेव्हा रोहिडा फुलतो. केशरी, पिवळ्या, लालसर फुलांनी लगडलेलं ते झाड करड्या माळावर दुरूनही ओळखू येतं. रोहिड्याचं फूल हे राजस्थानचं राज्यपुष्प आहे.

एप्रिल ते जून या काळात एकट्यानं जाऊच नका. फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं आणि तो देशातला उच्चांक आहे. अशा उन्हात गाडी बंद पडली तर ते धाडस राहत नाही, जिवाशी खेळ होतो.

स्वतःची गाडी की भाड्याची

पुण्याहून जोधपूर साधारण अकराशे किलोमीटर पडतं. अहमदाबाद, पालनपूर, आबू रोड, सिरोही, पाली असा रस्ता चांगला आहे. एकट्यानं चालवायचं तर वाटेत किमान एक, शक्यतो दोन मुक्काम करा. दोन दिवस जाण्यात आणि दोन येण्यात गेले की सुट्टीतलं काय उरतं, याचा हिशेब आधी मांडा. माझं मत विचाराल तर रेल्वेनं जोधपूर गाठावं आणि तिथे गाडी भाड्यानं घ्यावी. वांद्रे टर्मिनसहून सुटणारी सूर्यनगरी एक्स्प्रेस थेट जोधपूरला सोडते.

भाड्याच्या गाडीबद्दल एक गोष्ट काटेकोरपणे पाहा. स्वतः चालवण्यासाठी कायदेशीरपणे भाड्यानं दिलेल्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. कुणी पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्तात देऊ करत असेल तर नको म्हणा. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणं मुश्कील होतं आणि परक्या गावात एकट्यानं ते निस्तरत बसावं लागतं.

गाडी ताब्यात घेताना स्टेपनी उघडून बघा, नुसतं ‘आहे’ यावर विश्वास ठेवू नका. सीएनजी गाड्यांमध्ये टाकीमुळे स्टेपनी काढून ठेवलेली असू शकते. जॅक आणि पाना आहे का, स्टेपनीत हवा आहे का, हे तिथेच तपासा. चाक बदलायची सवय नसेल तर निघण्यापूर्वी घराखाली एकदा बदलून बघा. शिवाय बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवा भरायचा पंप, ट्यूबलेस पंक्चरचा संच, टॉर्च आणि जाड दोरी बरोबर ठेवा. फोर बाय फोर गाडीची गरज नाही. या लेखातलं जवळजवळ सगळं साध्या हॅचबॅकनं होतं, फक्त डांबर सोडून वाळूत उतरायचं नाही.

पाण्याचा हिशेब मी दिवसाला पाच लिटर धरते, त्याशिवाय गाडीत वीस लिटरचा एक जार. हवा इतकी कोरडी असते की घाम येतो आणि लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. ओआरएसची पाकिटं वरच्या कप्प्यात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

पहिले दोन दिवस जोधपूर

मुक्काम जुन्या शहराच्या बाहेर, गाडी लावायची सोय असलेल्या ठिकाणी करा. नवचौकिया, ब्रह्मपुरी या भागातल्या गल्ल्या पाहायला सुंदर आहेत, पण त्यात गाडी घालायची नाही. तिथे रिक्षानं किंवा पायी जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या वेळेला राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये हजर व्हा. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी साधारण ७० हेक्टर खडकाळ जमिनीवर ही बाग आहे. प्रवेश सिंघोरिया पोळ या जुन्या वेशीतून. सगळ्या सफरीत एकाच जागेला भरपूर वेळ द्यायचा तर तो इथे द्या.

या बागेची गोष्ट आपल्याकडच्या लोकांना लगेच समजेल, कारण तिच्यातला खलनायक आपल्या ओळखीचा आहे. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या पडीक जमिनी व्यापून बसलेली वेडी बाभूळ इथे ‘बावळिया’ म्हणून ओळखली जाते. ती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. उजाड दिसणारा मुलूख हिरवा व्हावा म्हणून १९३०च्या दशकात जोधपूरच्या महाराजांनी विमानातून तिच्या बिया टाकल्या असं सांगतात. हिरवं झालं, पण तिच्याखाली दुसरं काही टिकेना. २००६मध्ये मेहरानगडच्या संग्रहालय ट्रस्टनं ही जमीन पूर्ववत करायचं ठरवलं आणि झाडांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्याकडे काम दिलं. वेडी बाभूळ वरून तोडली तर दुप्पट जोमानं फुटते, म्हणजे मुळासकट काढायला हवी, आणि मुळं तर खडकात शिरलेली. सुरुंग लावणं किल्ल्याखाली शक्य नव्हतं. शेवटी खांडवालिया या खाणकाम करणाऱ्या समाजातले कारागीर आले. हातोडीनं खडक ठोकून त्याच्या आवाजावरून तो कुठे मऊ, कुठे टणक हे ओळखायचं आणि छिन्नीनं नेमक्या जागी खड्डा करायचा, हे त्यांचं कसब. त्यांनी एकेक मूळ खणून काढलं आणि त्याच खड्ड्यांमध्ये थरच्या खडकाळ भागातली मूळची झाडं लावली गेली. फेब्रुवारी २०११मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली.

आत वेगवेगळ्या रंगांच्या खुणा केलेल्या पायवाटा आहेत. वाट दाखवणारे जाणकार मिळत असतील तर पहिली फेरी त्यांच्याबरोबर करा आणि दुसरी एकट्यानं. पहिल्या फेरीत नावं कळतात, दुसऱ्या फेरीत झाडं दिसतात.

वहीत सात-आठ झाडं पक्की करा, एवढी पुढच्या सगळ्या प्रवासाला पुरतात. सुरुवात थोरापासून. खडकाच्या फटीतून निघालेले हिरवट काटेरी खांब, एकाच बुंध्यातून वीस-पंचवीस फुटलेले. लोक त्याला कॅक्टस म्हणतात, पण तो त्या कुळातला नाही. कॅक्टसचं कुळ मूळचं अमेरिका खंडाचं. थोर युफोर्बिया कुळातला, आणि त्याच्या अंगात पांढरा चीक असतो. तो डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, त्यामुळे मोडून बघायचा मोह आवरा. थोराच्या काट्यांच्या आडोशाला इतर झाडांची रोपं शेळ्यांपासून वाचतात, हे एखाद्या झुबक्याच्या बुडाशी वाकून पाहिलंत तर दिसेल.

मग कुमट. ही एक प्रकारची बाभूळच, हिचाच डिंक जगभर ‘गम अरेबिक’ म्हणून विकला जातो. तिची एक फांदी जवळून, अगदी वीतभर अंतरावरून बघा. प्रत्येक पेरावर काटे तिनाच्या गटात असतात. बाजूचे दोन टोकाकडे वळलेले आणि मधला उलटा, खाली आकड्यासारखा वळलेला. म्हणजे हात आत घालताना वाचला तरी बाहेर काढताना अडकणारच. एकदा हे तीन काटे पाहिलेत की पुढे पाचशे किलोमीटरमध्ये कुठेही कुमट चुकणार नाही.

गुग्गुळ मी आवर्जून शोधायला सांगते. आयुर्वेदाच्या दुकानातली डबी सगळ्यांनी पाहिलेली असते, झाड फार थोड्यांनी. कंबरेएवढं वाकडंतिकडं झुडूप, आणि खोडावरची साल पातळ कागदासारखी सुटत असते. राळेसाठी साल चुकीच्या पद्धतीनं आणि फार खोल कापतात, त्यामुळे झाडं मरतात. आज ही जात अतिशय धोक्यात असलेल्यांच्या जागतिक यादीत आहे.

केर म्हणजे पानं जवळजवळ नसलेलं, हिरव्या काड्यांचं गुंतवळ. पानांचं काम काड्याच करतात, त्यामुळे पाणी उडून जात नाही. याचीच कच्ची फळं खारवून केर-सांगरीच्या भाजीत पडतात. सांगरी ही खेजडीची शेंग, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी, काही भागांत तिला सौंदड म्हणतात. रोहिडा, रुई आणि पांढऱ्या लोकरीसारखे तुरे असलेली बुई एवढी नावं आणखी घ्या. बुईचा कापूस पूर्वी उशांमध्ये भरत. वाळूतलं फोग आणि सेवण गवत ही दोन पुढे जैसलमेरकडे लागतील.

झाडांखालचा खडकही पाहण्यासारखा आहे. तो ज्वालामुखीतूनच आलेला, पण आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाहून फार जुना. दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हा गुलाबी-तपकिरी रायोलाइट साधारण पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं या जागेला राष्ट्रीय भूवारसा स्थळाचा दर्जा दिलेला आहे.

दुपारी मेहरानगड बघा. किल्ल्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, मी वाढवत नाही. फक्त तटावरून खाली बघताना सकाळची बाग आणि तिच्या पलीकडची, अजून वेडी बाभूळ माजलेली जमीन, यातला फरक वरून पाहून घ्या.

झाडांत खोलवर रस असेल तर जोधपूरमध्येच केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आहे, लोक तिला काझरी म्हणतात. १९५९पासून ती या नावानं काम करते. सरकती वाळू झाडांच्या रांगा लावून कशी रोखायची याचे प्रयोग इथे झाले. सरकारी संस्था असल्यानं थेट जाऊन उभं राहू नका, फोन करून कामाच्या दिवशी भेट ठरवा.

तिसरा दिवस: खेजडली आणि बिश्नोई गावं

जोधपूरच्या आग्नेयेला साधारण २५ किलोमीटरवर खेजडली गाव आहे. १७३०मध्ये जोधपूर दरबाराची माणसं चुन्याच्या भट्टीसाठी खेजडी तोडायला इथे आली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या, मारल्या गेल्या, मग त्यांच्या मुली, मग आजूबाजूच्या गावांतले लोक. एकूण ३६३ माणसांनी जीव दिला. आज तिथे स्मारक आहे आणि खेजडीची झाडी आहे. फार वेळ लागत नाही, पण सकाळी जा आणि शांतपणे फिरा.

तिथून गुडा बिश्नोई गावाच्या तळ्याकडे वळा. काळवीट आणि चिंकारा शेतांमध्ये गुरांइतके निवांत चरताना दिसतात, कारण बिश्नोईंच्या गावात त्यांना कुणी हात लावत नाही. गाडी रस्त्यावरच थांबवा, इंजिन बंद करा आणि आतूनच बघा. उतरलात की कळप लांब जातो. आजूबाजूच्या शेतात खेजडीची झाडं पिकाच्या मधोमध ठेवलेली दिसतील. तिच्याखाली बाजरी चांगली येते असं शेतकरी सांगतात, आणि छाटलेला पाला शेळ्या-उंटांना जातो.

चौथा-पाचवा दिवस: ओसियां, फलोदी आणि कुर्जां

जोधपूरहून जैसलमेरला सरळ रस्त्यानं गेलात तर साधारण २८० किलोमीटर आहे आणि पाच तासांत पोचाल. मी तसं करू नका म्हणेन. उत्तरेकडून ओसियांमार्गे फलोदीला जा आणि तिथे मुक्काम करा. ओसियांला जुनी मंदिरं आहेत आणि गावाबाहेर वाळूच्या पहिल्या टेकड्या. इथे फोग शोधा. वाळू वाऱ्यानं वाहून गेली की त्याची लांबच लांब मुळं उघडी पडलेली दिसतात, आणि हे झुडूप टेकडी कशी धरून ठेवतं ते समजतं.

फलोदीत राहायचं कारण शेजारचं खीचन. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत हजारो कांड्या करकोचे, तिथल्या भाषेत कुर्जां, मध्य आशिया आणि मंगोलियाकडून इथे येतात. गावातल्या जैन मंडळींनी सुरू केलेली दाणे टाकायची प्रथा वर्षानुवर्षं चालू आहे. दाण्याच्या जागेला ‘चुग्गाघर’ म्हणतात. सूर्योदयाच्या आधी पोचा. पहिले थवे वर घिरट्या घालतात, खाली कुत्रं किंवा माणूस नाही याची खात्री करतात आणि मग एकेक रांग उतरते. आवाज इतका होतो की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. कुंपणाला टेकून उभे राहू नका. आजूबाजूच्या घरांच्या गच्चीवरून परवानगी घेऊन बघा, मालकाला योग्य ते पैसे द्या. भडक कपडे आणि ड्रोन नको. दुपारी हेच पक्षी गावाच्या तळ्यांवर पाणी प्यायला येतात, तेव्हा ऊन पाठीशी घेऊन फोटो चांगले मिळतात. खीचन २०२५मध्ये रामसर पाणथळ जागांच्या यादीत आलं.

दुपारनंतर रामदेवरा, पोखरणवरून जैसलमेर. रस्ता सरळ आणि मोकळा आहे, आणि धोका नेमका त्यातच आहे. एकट्या चालकाला शंभरच्या वेगात डुलकी लागते. दर तासाला थांबा, उतरा, जवळच्या झुडपाचं नाव आठवा. मला तरी चहापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

रस्त्यावरचे नियम, जे मी मोडत नाही

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. डिसेंबरात जैसलमेरला सूर्य सहाच्या आधी मावळतो आणि सकाळी सातनंतर उगवतो, म्हणजे हातात दिवसाचे साडेदहा तासच. उंट रस्त्यावर बसतात. उंच पायांवरचं त्याचं धड बोनेटच्या वर, थेट काचेवर येतं, त्यामुळे उंटाला दिलेली धडक गुरांच्या धडकेपेक्षा जास्त जीवघेणी ठरते. नीलगायी, दिवे नसलेले ट्रॅक्टर, समोरच्या ट्रकचा अप्पर लाइट हे सगळं वेगळंच.

टाकी अर्धी झाली की भरायची. जैसलमेरच्या पश्चिमेला पंप विरळ आहेत.

डांबरावर वाळू चढलेली दिसली की वेग आधीच कमी करा, त्यावर जाऊन ब्रेक दाबू नका. ओल्या रस्त्यासारखीच गाडी घसरते. समोरून गाडी आली म्हणून एकेरी रस्त्यावरून खाली उतरावं लागलं तर मुरमाड, गवत असलेली कड निवडा. तरीही चाक वाळूत रुतलंच तर अॅक्सिलरेटर लगेच सोडा. चाक फिरवत राहिलात तर गाडी पोटावर बसते. चाकांसमोरची आणि मागची वाळू हातानं काढा, टायरची हवा पंधरा ते अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, गाडीतली पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि आलेल्या चाकोरीवरूनच हळूहळू मागे या. डांबरावर आल्यावर पंपानं हवा पुन्हा भरा. नाहीच निघाली तर गाडी सोडून चालत जाऊ नका. सावलीत बसा, बॉनेट उघडं ठेवा. थर हे दाट वस्तीचं वाळवंट आहे, अर्ध्या-एक तासात कुणी शेळ्यावाला, उंटवाला, दुधाची गाडी येतेच.

रोज सकाळी घरच्या एका माणसाला त्या दिवसाचा रस्ता आणि पोचायची वेळ कळवा, आणि तुमचा फोन आला नाही तर तो माणूस नेमका किती वाजेपर्यंत वाट पाहील व कधी चौकशी सुरू करेल हेही ठरवून टाका. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हे क्रमांक. परदेशातून मागवलेला सॅटेलाइट फोन किंवा संदेश पाठवणारं उपग्रहयंत्र परवान्याशिवाय आपल्या देशात वापरता येत नाही, आणि हा तर सीमेचा मुलूख आहे, तेव्हा ते आणूच नका. लष्करी वाहनं आणि तळ यांचे फोटो काढू नका.

एकट्या बाईनं जावं का, असं मला नेहमी विचारतात. जावं. मुक्काम कुटुंब चालवत असलेल्या गेस्टहाउसमध्ये करावा, वाळूत एकटीनं तंबू ठोकू नये, आणि ‘अकेली हो?’ या प्रश्नाला ‘पुढच्या गावात लोक वाट पाहतायत’ एवढं उत्तर द्यावं. गावात आधी बायकांशी बोला. ‘राम राम सा’ म्हटलं की समोरून ‘आओ बाईसा’ येतं आणि चहा झाल्याशिवाय निघता येत नाही.

सहावा-सातवा दिवस: जैसलमेरभोवती

सोनार किल्ला आणि हवेल्यांना अर्धा दिवस द्या. त्यापुढची यादी आपली वेगळी आहे.

बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर अकल वुड फॉसिल पार्क आहे. उघड्या टेकाडावर लोखंडी जाळ्या आणि पत्र्याच्या छपराखाली दगड झालेली झाडांची खोडं पडली आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची. जाळीशी वाकून बघा. खोडाचे उभे तंतू, फांदी फुटल्याची गाठ, सगळं जागच्या जागी, फक्त लाकडाचा कणन्‌कण गेलेला आणि त्याची जागा खनिजांनी घेतलेली. फुलं येणारी झाडं जगभर पसरण्याच्या आधीचं हे रान. ज्या माळावर आज गुडघ्याएवढं केर तग धरून आहे, तिथे तेव्हा उंच झाडांचं दमट जंगल होतं. बहुतेक लोक इथे दहा मिनिटं थांबतात, तुम्ही सकाळी लवकर जाऊन तासभर द्या. दगडाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही.

वाळूसाठी सम की खुडी? समच्या टेकड्या मोठ्या आहेत, पण संध्याकाळी जीपचे आवाज, उंटांच्या रांगा आणि लाउडस्पीकर. खुडी गाव नैर्ऋत्येला, तिथे गर्दी कमी. मी खुडीच सुचवेन. संध्याकाळपेक्षा पहाटे टेकडीवर जा. रात्रभर कोण कोण फिरलं त्याच्या खुणा वाळूवर असतात. भुंग्याची दुहेरी शिवण, वाळवंटी उंदराच्या उड्या, कोल्ह्याची सरळ रेष. ऊन चढलं आणि वारा सुटला की तासाभरात पुसून जातात. पायात घोट्यावर येणारे बूट आणि हातात टॉर्च हवा. कोकणात ज्याची धास्ती असते ते फुरसं इथेही आहे आणि ते वाळूत अंग पुरून बसतं.

डेझर्ट नॅशनल पार्कसाठी जैसलमेरच्या वन विभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करून परवानगी घ्या. ३१६२ चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं आहे. सुदासरी भागातलं गवत हा आपला मुद्दा. सेवण गवताचे गुडघ्याएवढे झुबके पहिल्यांदा पाहताना साधं गवत वाटतं, पण गोडावणचं, म्हणजे आपल्या माळढोकचं, सगळं जगणं त्यावर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य झालं, पण तिथे तो आता दिसेनासाच झाला आहे. जगात उरलेले बहुतेक सगळे माळढोक याच पट्ट्यात आहेत आणि विजेच्या तारांना धडकून मरतायत, कारण या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही. सम आणि रामदेवरा इथे त्यांची पैदास करणारी केंद्रं आहेत, ती पर्यटकांसाठी नाहीत. दिसलाच पाहिजे असा हट्ट धरून जाऊ नका आणि चालकाला जीप गवतात घालायला तर कधीच सांगू नका. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं आणि पाणवठ्यावर सकाळी येणारे पखुर्डे हे भरपूर आहेत.

वेळ उरला तर एखादं ओरण बघा. आपल्या देवरायांसारखीच ही राखलेली रानं, फक्त इथे ती शेकडो एकर माळावर असतात. देगराय मातेचं ओरण त्यातलं मोठं. तिथलं लाकूड तोडायचं नाही, गुरं-उंट चारायचे, असा गावांचा नियम. हल्ली सौर आणि पवनऊर्जेच्या तारा अशा ओरणांवरून गेल्या आहेत आणि गावकरी त्याविरुद्ध भांडतायत. आत जाण्यापूर्वी देवळात विचारा, चपला जिथे काढायला सांगतील तिथे काढा.

जेवणाची चिंता कुठेच पडत नाही. बाजरीचा रोटला, कढी, ताक आणि पंचकुटा मागा. पंचकुट्यात केर, सांगरी, कुमटाच्या बिया, भोकर आणि आमचूर असतं, म्हणजे राव जोधा बागेत वहीत लिहिलेल्यांपैकी तीन झाडं ताटात येतात.

परतताना

भाड्याची गाडी असेल तर आठव्या दिवशी देचूमार्गे थेट जोधपूर. स्वतःची असेल तर बाडमेर, सांचोरवरून गुजरातेत उतरा, आल्या रस्त्यानं परत जायची गरज नाही. निघण्यापूर्वी टायरच्या खाचांतले काटे काढून घ्या, कुमट आणि बोरीचे काटे दोन-तीन दिवसांनी आत शिरून हवा सोडतात. एअर फिल्टर घरी पोचल्यावर उघडून झटकायला सांगा, तो वाळूनं भरलेला असतो. राव जोधा बागेच्या रोपवाटिकेतून रोप आणायचं असेल तर ते परतीच्या दिवशी जोधपूरहूनच घ्या. कोकणात किंवा मुंबईत त्यातलं काही पावसाळ्यात तगत नाही, मुळं कुजतात. माण, सांगोला, जत, कर्जत अशा कमी पावसाच्या भागात तुमची जमीन असेल, तर रोहिडा आणि केर लावून बघायला हरकत नाही. खड्ड्यात मुरूम घाला, शेणखत कमी, आणि पहिलं वर्ष शेळ्यांपासून राखा.